पहिल्या ओळीतलं नाव

४ फेब्रुवारी

दादास,

लांबूनच वाकून नमस्कार. समोर असतास तर वाकले नसते हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, पण पत्रात वाकायला काय जातंय.

फोनवर आपलं पाचव्या मिनिटाला वाजतं, म्हणून पत्रं लिहा, ही वहिनीची कल्पना मला एकदम पटली. एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. तुझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच आहे, तरी भोग.

मागच्या भांडणात तू विचारलं होतंस, 'ठमे, तू ऑफिसात दिवसभर नेमकं करतेस तरी काय?' तर ऐक. मी खोटी कागदपत्रं बनवते. पगार घेऊन, साहेबाच्या परवानगीने.

एखादा प्रोग्राम चालता चालता कोसळला की तो कुठे कोसळला हे शोधायला डीबगर नावाचं हत्यार लागतं, आणि ते आमची कंपनी बनवते. आता गंमत अशी की यंत्राला आपल्यासारखी नावं कळत नाहीत. त्याला फक्त पत्ते कळतात: अमुक आकड्यावर जा, तिथलं काम कर, परत ये. त्या पत्त्यावर कोण राहतं, त्याला आपण माणसं काय नावाने ओळखतो, हे एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला सिम्बॉल फाइल म्हणतात. डीबगर पत्ता बघतो, ती फाइल उघडतो आणि तुला सांगतो, 'बाबा रे, अमक्याच्या घरात आग लागली.'

पण ती फाइल दरवेळी धड असेलच असं नाही. कधी अर्धीच असते, कधी भलत्याच प्रोग्रामची असते. म्हणून मी मुद्दाम चक्रम फाइली बनवते आणि डीबगरच्या तोंडात कोंबते. एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याला, इतकं लांब नाव दिलं की ते वाचता वाचता जेवणाची सुट्टी संपली असती. दुसऱ्याला नावच ठेवलं नाही. तिसरं सुरू व्हायच्या आधीच संपतं. चौथ्याच्या पोटात तेच चौथं, आणि त्याच्या पोटात पुन्हा तेच. मागच्या वर्षी आमचा डीबगर यातल्या निम्म्या फाइलींपुढे मान टाकायचा. आता त्याच्या पुढ्यात काहीही वाढ, ढिम्म हलत नाही. महिनाअखेरीला नवी आवृत्ती बाहेर पडते आहे आणि मी ऑफिसात कॉलर ताठ करून फिरते आहे.

तुझ्या लिफ्ट काय म्हणतात? वर जातात ना अजून?

तुझी,
ठमी


१३ फेब्रुवारी

ठमाबाईंना,

आशीर्वाद. वाकलीस असं धरून चालतो.

लिफ्ट वर जातात, खालीही येतात. आमची मोठी लिफ्ट मात्र, जी रुग्णालयांसाठी खास बनवली आणि बऱ्याच ठिकाणी बसवली, ती गेला महिनाभर मधेच रुसते. दोन मजल्यांच्या अधेमधे उभी राहते, पुन्हा चालू केली की मुकाट्याने चालते. परवा एक आजी चाकाच्या खुर्चीसकट आत अडकल्या. बाहेर काढल्यावर त्यांनी आमच्या तंत्रज्ञाला जे सुनावलं, ते मी पत्रात लिहू शकत नाही.

तुला माहीत आहे, मी मोटरी, दोरखंड आणि तारांमधला माणूस. प्रोग्राम लिहिणारे दोघं माझ्या हाताखाली आहेत. एक बुवा. कारखाना सुरू झाला तेव्हापासून ते माझ्याबरोबर आहेत, आणि प्रत्येक गोष्ट कीर्तनाला बसल्यासारखी सावकाश सांगतात म्हणून बुवा. दुसरी गेल्या वर्षी आलेली मुलगी. तिला सगळे टाचणी म्हणतात. अंगाने बारीक, आणि प्रत्येक बैठकीत कुणाला तरी टोचल्याशिवाय राहत नाही. बहुतेक वेळा मलाच.

आता तुला आनंद होईल अशी बातमी. आमचे तंत्रज्ञ तुमचाच डीबगर वापरतात. लिफ्ट अडकली की लावतात आणि मला फोनवर नाव सांगतात. दरवेळी एकच नाव आलं: 'दार-तपासणी'. दार नीट लागलं आहे का हे बघणारा हा तुकडा टाचणीने लिहिलाय. म्हणजे तुझ्या हत्याराने चोर हातात आणून दिला. शाबास. लहानपणी तुला उगाच मठ्ठ म्हणायचो.

सोमवारी तिला समज देणार आहे. पुन्हा लिफ्ट अडकली तर तिला घरचा रस्ता. रुग्णालयाचं काम आहे, इथे लाडकोड नाहीत.

दादा

ता.क. तुझी वहिनी म्हणते, आधी त्या मुलीचं ऐकून घ्या. मी म्हटलं, यंत्राने सांगितलंय, माणसाचं काय ऐकायचं.


१९ फेब्रुवारी

दादास,

शाबासकी पोचली. फ्रेम करून भिंतीवर लावणार होते, पण 'मठ्ठ' हा शब्द त्याच ओळीत आहे.

खरं सांगते, पत्र वाचून मी साहेबासमोर जाऊन मिरवले. 'आपला डीबगर रुग्णालयाच्या लिफ्टमधला बिघाड पकडतोय,' म्हटलं. साहेबाने ते वाक्य लगेच जाहिरातीत टाकायला घेतलं. आपण केलेली वस्तू कुणाच्या उपयोगाला येते आहे हे कळलं की माणूस दोन बोटं उंच होतो.

पण दादा, टाचणी स्वतः काय म्हणते हे तू लिहिलंच नाहीस. दोन पानांत एक ओळ तिच्या वाट्याला आली असती तर काही बिघडलं नसतं. वहिनीचं ऐकत जा. माझं नाही ऐकलंस तरी चालेल, सवय आहे.

नव्या आवृत्तीची धावपळ आहे, म्हणून थोडक्यात आवरते.

ठमी


२ मार्च

ठमे,

टाचणीला काढलं.

समज दिल्यावर आठवड्यात लिफ्ट पुन्हा अडकली, आणि नाव तेच. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तू विचारतेस ती काय म्हणाली. तर ती म्हणाली, 'हे माझं नाही.' आदल्या दिवशी तिने तो तुकडा माझ्या टेबलावर आणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवून दाखवला होता. एकदाही कोसळला नाही. मी म्हटलं, टेबलावर सगळेच शहाणे असतात. मग ती म्हणाली, 'मला पूर्ण अहवाल दाखवा.' आता तंत्रज्ञ पूर्वी फोनवर पानंच्या पानं वाचून दाखवायचे, माझी सकाळ त्यात जायची. म्हणून मी नियम केला की पडद्यावरची पहिली ओळ तेवढी सांगायची. मी तिला तेच सांगितलं, पहिली ओळ हाच पूर्ण अहवाल. तिने माझ्याकडे बघितलं, डबा पिशवीत भरला आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. हट्टी आहे.

दार-तपासणी बुवांनी मग नव्याने, स्वतःच्या पद्धतीने लिहून काढली आणि ती सगळ्या लिफ्टमध्ये भरली. मी निश्चिंत झालो.

काल लिफ्ट पुन्हा अडकली. पण या वेळी नाव वेगळं आलं: 'वजन-तपासणी'. हा बुवांचा तुकडा, वर्षानुवर्षं नीट चालत आलेला. याचा अर्थ उघड आहे. त्या मुलीने जाता जाता बुवांच्या चांगल्या कामालाही काहीतरी लागण करून ठेवली. आता ती शोधतो आहे.

तुझी नवी आवृत्ती निघाली का? पेढे पाठव.

दादा


६ मार्च

दादा,

पेढे राहू देत.

तुझं पत्र ऑफिसात दोनदा वाचलं. दार-तपासणी बदलल्याबरोबर नाव बदललं, बिघाड मात्र तोच राहिला. प्रोग्रामला लागण होत नसते रे. दुसरंच काहीतरी आहे, आणि मला वाटतं ते माझ्या घरातलं आहे.

टाचणी होती तेव्हाच्या प्रोग्रामची सिम्बॉल फाइल आणि तंत्रज्ञाने पाहिलेला सगळा पडदा, पहिल्या ओळीखालच्या ओळींसकट, तुमच्या ऑफिसकडून आमच्या ऑफिसला आजच पाठवा. कारणं सांगू नकोस. तोवर त्या मुलीबद्दल कुणासमोर एक अक्षर बोलू नकोस.

ठमी


१० मार्च

पाठवलं. उगाच डोंगर पोखरते आहेस. बुवांचंही तेच मत आहे.

दादा

(ठमे, मी वहिनी. लिफाफा बंद करण्याआधी हे लिहितेय. हे दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. काय ते लवकर कळव.)


१५ मार्च

दादास,

बस आधी. चहा घे, मग वाच.

टाचणीचा तुकडा निर्दोष आहे. तो कधीच कोसळला नाही, ना टेबलावर ना लिफ्टमध्ये. हे मी अंदाजाने सांगत नाही, मी ते इथे घडवून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं.

झालं असं. दार-तपासणी दाराची तार बघते, वजन-तपासणी वजनाची. नावं वेगळी, लिहिणारी माणसं वेगळी. पण काम एकच: दिलेल्या तारेवर पुन्हा पुन्हा बघ, दरवेळी तेच उत्तर आलं तरच खरं धर. बुवांनी ते पूर्वी लिहिलं, टाचणीने नंतर स्वतःच्या डोक्याने लिहिलं, आणि यंत्राच्या भाषेत उतरल्यावर दोन्ही अक्षराला अक्षर सारखी निघाली. सगळे तुकडे जोडून एक प्रोग्राम बांधतो त्याला लिंकर म्हणतात. तो काटकसरी असतो. त्याने पाहिलं, दोन सारख्या वस्तू आहेत, मग एकच ठेवू. म्हणजे एका खोलीत दोन भाडेकरू राहिले. पण डीबगरने फाइल उघडली, त्या पत्त्यावरचं पहिलं नाव उचललं आणि दारावर एकाच नावाची पाटी लावली. ती पाटी टाचणीची निघाली. आत गोंधळ कुणीही घालो, तक्रार तिच्या नावावर.

बुवांनी दार-तपासणी वेगळ्या पद्धतीने लिहिली तेव्हा दोन तुकडे सारखे राहिले नाहीत, दोघांना वेगळ्या खोल्या मिळाल्या, आणि खरं नाव बाहेर पडलं. लागण वगैरे काही नाही. मोठ्या लिफ्टसाठी बुवांनी वजनाच्या तारेचा जो क्रमांक दिलाय, ती तार तुमच्या काही लिफ्टमध्ये बसवलेलीच नसणार, तपासून बघ. नसलेल्या तारेकडे बघायला पाठवलं की प्रोग्राम कोसळतो. पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीत हे काम कुणी सांगितलं तेही आलं होतं: 'भार-मोजणी', हाही बुवांचाच तुकडा. पहिल्या दिवसापासून ते तिथेच होतं. बुवांना ओरडू नकोस, त्यांना कुणी सांगितलंच नसेल की तार बसवलेली नाही.

आता माझं. एका पत्त्यावर दोन नावं, अशी फाइल माझ्याकडे आहे. मीच बनवलेली, चाचण्यांच्या यादीत बसवलेली, आणि ती रोज पास होते. कारण माझी चाचणी एवढंच विचारते की डीबगर पडला का. तो चुकीचं बोलला का, हे ती विचारतच नाही. दादा, मी वर्षभर तो पडू नये म्हणून जिवाचं रान केलं, आणि तो न पडता, न अडखळता, खणखणीत आवाजात भलत्याचं नाव घेत राहिला. पडला असता तर बरं झालं असतं. तुझ्या तंत्रज्ञाने कुणाला तरी विचारलं असतं.

मी साहेबाकडे गेले. म्हटलं, एका पत्त्यावर दोन नावं असली तर दोन्ही दाखवायची, मधे 'किंवा' लिहायचं. साहेब म्हणाला, "'किंवा' म्हणणारं हत्यार कोण विकत घेणार? लोकांना उत्तर हवं असतं." मी म्हटलं, 'माझा भाऊ घेईल.' आणि तुझी फाइल त्याच्यासमोर उघडून ठेवली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, कर. जाहिरातीतलं ते वाक्यही त्याने स्वतःच्या हाताने काढलं. मी आता सगळ्या फाइली नव्याने तपासायला घेतल्यात, या वेळी प्रत्येकीला खरं विचारणार आहे. काम मोठं आहे आणि मला ते जमणार आहे.

तू आता एकच कर. त्या मुलीकडे जा. सांग तिला, यंत्राने चुकीचं नाव दिलं, दोष माझ्या बहिणीच्या डीबगरचा. माझा पत्ता दे, तिला काय बोलायचं ते मला बोलू दे. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

ठमी


२९ मार्च

ठमे,

उशीर झाला. आधी तार तपासली. तू म्हणालीस तसंच निघालं. ज्या लिफ्टमध्ये ती नव्हती तिथे बसवली, आणि त्यानंतर एकही अडकलेली नाही. बुवांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते नेहमीप्रमाणे सावकाश बोलतील असं वाटलं होतं, पण ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मग टाचणीकडे गेलो. तिच्या इमारतीत लिफ्ट नाही. आयुष्यभर लिफ्ट बनवणारा मी वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकत होतो. तिने दार उघडलं, डोक्याला ओला टॉवेल होता. म्हणाली, 'बसा, केस पुसून येते.' मी बसलो. टेबलावर तिने नव्या नोकरीसाठी काढलेल्या अर्जाच्या प्रती होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

ती आल्यावर मी सगळं सांगितलं. अगदी तुझ्या शब्दांत. दोन भाडेकरू, एक पाटी, काटकसरी लिंकर. माझी बहीण स्वतः म्हणते की दोष तिच्या यंत्राचा, हेही सांगितलं. फार नीट सांगितलं गं, एकदाही अडखळलो नाही. तिला ते सगळं लगेच कळलं, मान हलवत होती.

मग तिने एकच विचारलं. 'पहिल्या ओळीत बुवांचं नाव आलं असतं, तर तुम्ही दुसरी ओळ मागितली असती का?'

मी म्हणणार होतो की नियम सगळ्यांना सारखा असतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर ती मुलगी, ओल्या केसांनी, उत्तराची वाट बघत. मी म्हटलं, 'हो. मागितली असती.'

ती म्हणाली, 'मग हे यंत्राच्या माथी मारू नका. तुमच्या बहिणीलाही सांगा.' म्हणून सांगतोय. तू स्वतःला दोष देत बसू नकोस. तुझ्या डीबगरने एक नाव घेतलं, त्याच्यावर शिक्का मी मारला.

मी तिला परत यायला सांगितलं. ती म्हणाली, 'जिथे मला येऊ नका म्हणालात तिथेच, त्याच माणसांसमोर, का म्हणालात ते सांगा. मी ऐकायला येईन. मग बघू.'

घरी आलो तर तुझी वहिनी ताट वाढून बसली होती. काय झालं विचारलं नाही. मी आपणहून सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मग सांगा की. तुम्हाला बोलायची कधी लाज वाटली?' पण मला वाटत होती. त्या आठवड्यात मी कारखान्यात आलेल्या प्रत्येकाशी दोरखंडांविषयी बोललो.

काल बोललो. कारखान्यातली सगळी माणसं हातातलं काम टाकून उभी होती. टाचणी आली होती, पण दाराशीच, पिशवी खांद्यावर, चपला न काढता. मी बरंच ठरवून गेलो होतो. सिम्बॉल, लिंकर, दोन नावं, सगळं पाठ होतं. यातलं काहीच बोललो नाही. म्हटलं, 'मला एक नाव सांगितलं गेलं आणि मी तिथेच थांबलो, कारण ते नाव माझ्या सोयीचं होतं. यांनी पुढचं दाखवा म्हणून मागितलं, आणि मी दाखवलं नाही.'

मागे कुणाचा तरी पाना फरशीवर पडला, तो त्याने उचलला नाही. मी दाराकडे बघायचं धाडस केलं. मला वाटलं, ती निघून गेली असेल, आणि गेली असती तरी तिचं बरोबर होतं.

ती दारातच उभी होती. तिने पिशवी खांद्यावरून काढली, आत येऊन आपल्या जुन्या टेबलाखाली ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'बुवा, ती वजनाची तार दाखवा जरा.'

तुझा,
दादा